एम-एटी मिसिंग मारते तेव्हा: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका टू-स्ट्रोक एम-एटी बाळगणाऱ्यांसाठी आहे. बजाजने ती बनवणं कधीच बंद केलं, पण करवीर, पन्हाळा, कागलकडच्या वाड्यावस्त्यांवर दुधाच्या किटल्या, वैरणीचे भारे आणि प्रसंगी सासूबाई वाहणाऱ्या या गाडीला ते अजून कुणी कळवलेलं नाही. लूना, फवारणीचा पेट्रोल पंप किंवा गवत कापायचं यंत्र असलं तरी पुढचं बहुतेक लागू पडेल. डिझेल इंजिनवाल्यांनी वाचू नये. त्यांना स्पार्क प्लगच नसतो, त्यांची दुःखं वेगळी.

साहित्य: प्लगपाना, पॉलिश पेपर, हॅकसॉ ब्लेडचा तुकडा, कोरडं फडकं. मोठी टूलपेटी घरीच ठेवा. पाने जितके जास्त, तितकी गाडी जास्त खोलली जाते.

पायरी पहिली, जागा निवडणे. गाडी फट्‌-फट्‌-फुस्स करू लागली की नवशिका जिथल्या तिथे थांबतो. कोल्हापूरच्या बिंदू चौकात, पापाच्या तिकटीला किंवा गंगावेशीत दूध कट्ट्याजवळ तर अजिबात थांबू नका. ज्या शहरात फौंड्री आणि लेथवर पिढ्या पोसल्या, तिथे रस्त्यावरचा प्रत्येक माणूस मिस्त्री असतो, निदान मिस्त्रीचा मेहुणा. दोन मिनिटांत तुमच्याभोवती कडं तयार होतं.

“मिसिंग मारतीया व्हय?”

“पेट्रोल हाय न्हवं?”

“कार्बोरेटर सोडा की ओ, कचरा आला आसंल!”

या तिसऱ्या गृहस्थांपासून सावध. कार्बोरेटरला बाहेरून फिरवता येणारे स्क्रू असतात आणि स्क्रू दिसला की माणसाचा हात शिवशिवतो. “व्हय व्हय” म्हणा, पण स्क्रूड्रायव्हर देऊ नका. काल नीट चाललेल्या गाडीचा स्क्रू रात्रीतून आपोआप फिरत नाही. तो फिरवला की मूळ दुखणं एक होतं, त्याची दोन होतात.

पायरी दुसरी, हे खरंच दुखणं आहे का ते ठरवणे. टू-स्ट्रोक इंजिन उताराला, ॲक्सिलरेटर सोडलेला असताना, अधूनमधून एखादा ठोका गाळतंच. सिलिंडरमध्ये जळका धूर जास्त उरतो, ताजं मिश्रण कमी पडतं, एका फेरीला पेट घेत नाही, पुढच्या फेरीला घेतो. हा स्वभाव आहे, त्याला औषध नाही. याउलट जोतिबाचा चढ चढताना ती अडखळत असेल तर आधी ठिणगीवर संशय घ्या. चढाला ॲक्सिलरेटर पिळला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. सपाटीवर कसाबसा निभावणारा प्लग तिथे उघडा पडतो.

तिसरी पायरी फुकट आहे, म्हणूनच कुणी करत नाही. टाकीचं झाकण सैल करा. झाकणातलं हवेचं बारीक भोक चिखलाने बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. गाडी थोडी पळते, गचके देते, बंद पडते. जरा थांबलात की पुन्हा चालू होते. घरची मंडळी याला नजर लागणं म्हणतात. झाकण उघडताना ‘स्स्‌’ आवाज आला तर लिंबू-मिरची नको, टाचणी पुरे.

आता प्लग. इथे घाई करायची नाही, कारण गाडी तिची सगळी हकिगत प्लगच्या टोकावर लिहून ठेवते. इंजिन थोडं थंड होऊ द्या, मग काढा. फिक्या कॉफीचा रंग असेल तर प्लग निर्दोष. काळा आणि कोरडा, बोटाला काजळी लागणारा, म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी: चोक ओढलेलाच राहिलाय किंवा एअर फिल्टर धुळीने भरलाय. काळा आणि ओला म्हणजे एक तर ठिणगीच पडत नाही, नाही तर गाडी ओव्हर झालीय, म्हणजे आत पेट्रोल साचलंय. ओव्हर झाली असेल तर कॉक बंद, चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून किका मारा. पांढरा पडलेला प्लग सगळ्यांत वाईट. पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा ओढली जातेय: जेट तुंबलाय, गॅस्केट गेलंय किंवा क्रँकचं ऑईल सील. अशी गाडी तापते आणि तशीच दामटलीत तर पिस्टन धरतो.

टू-स्ट्रोकची एक खास खोड म्हणजे प्लगच्या दोन टोकांमध्ये कार्बनचा कण अडकणे. कण डोळ्याला जेमतेम दिसतो, पण गाडी ठप्प. पॉलिश पेपरने साफ करा आणि गॅप हॅकसॉ ब्लेडने तपासा. ब्लेडची जाडी साधारण ०.६ मिलिमीटर असते, आपल्याला हवी तेवढीच. मग प्लग कॅपमध्ये बसवा, त्याचं धातूचं अंग हेडला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब ठेवा आणि कुणाला तरी किक मारायला सांगा. निळी, कडक ठिणगी पडली तर ठीक. लालसर, मलूल असेल तर नवा प्लग घाला. तरी तीच असेल तर कॅप, वायर, कॉइल आणि जुन्या गाडीत पॉइंट, याच क्रमाने. प्लग हाताने धरू नये. का, ते पहिल्या किकेला कळतं.

पावसाळ्याचं प्रकरण निराळं. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर पोचलं. त्यातलं बरंच उसापासूनचं, म्हणजे आपल्याच शिवारातला माल आपल्याच टाकीत. पण इथेनॉल पाणी ओढतं. पाणी बेताबाहेर गेलं की दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि कॉक नेमका तळातूनच ओढतो. त्या थरात टू-टी ऑईलही नसतं, म्हणजे इंजिनाला वंगण नाही. राजाराम बंधाऱ्यावर नदीचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की आपल्या कार्बोरेटरची वाटीही एकदा पारदर्शक बाटलीत खाली करून बघावी. बाटलीत पाण्याचा थर दिसला तर टाकी रिकामी करा. फुंकर मारून भागत नाही.

सायलेन्सर कार्बनने बुजला असेल तर गाडी मिसिंगपेक्षा मरगळ जास्त दाखवते. तो मिस्त्रीकडेच साफ करून घ्या.

एक नियम मात्र भिंतीवर लिहून ठेवा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग गाडी चालवून बघायची. प्लग, कॉइल, जेट एकदम बदलून गाडी सुरू झाली तर पैसे तिघांचे गेले आणि चोर कोण ते कळलंच नाही.

आणि कड्यातल्या मंडळींना हात जोडून विनंती: प्लग बाहेर असताना भोकातून पेट्रोलची वाफ उडत असते. सल्ला हवा तेवढा द्या, पण बिडी दहा पावलं लांब जाऊन ओढा.