उस्ताद, आवाज उजवीकडून येतोय

प्रति,
माननीय उस्ताद,
टेमघर, भिवंडी.

विषय : ‘मॅडमच्या मनातून’ येणारा आवाज.



कालच आपण माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाची बेअरिंग बदलून दिलीत. नवी बेअरिंग, प्रेस मारायची मजुरी, आणि वर ‘अब मक्खन चलेगी’ हे आश्वासन अगदी मोफत. गाडी खरोखर मक्खन चालली. राजणोली नाक्यापर्यंत. तिथून नाशिक महामार्गाला लागले, काटा साठावर गेला आणि सीटखाली कुणी ओंकार लावून बसावं तसा आपला जुना ‘हूंऽऽऽ’ सुरू झाला. त्याच पट्टीत.

या आवाजापायी आपण आजवर काय काय केलंत! आधी अलाइनमेंट. मग बॅलन्सिंग. मग ‘टायरच खराब आहेत’ म्हणून टायर. मग लोअर आर्मचे बुश, कारण टायर नवे घातल्यावर आवाजाला दुसरं कारण शोधणं भाग होतं. दर वेळी जुना पार्ट मागितला की तो नुकताच भंगारात गेलेला असायचा. आपल्या भंगारवाल्याइतका तत्पर माणूस मी भिवंडीत पाहिलेला नाही.

आणि आपली ती ट्रायल! गॅरेजपासून गल्लीच्या टोकापर्यंत. दुसरा गिअर पडायच्या आत गतिरोधक येतो. वर रेडिओ चालू, आणि त्याच्याबरोबर आपण गुणगुणताय. साठच्या वेगाला येणारा आवाज विसाच्या वेगाला, गाण्याच्या साथीवर ऐकण्याची विद्या आपण कुठे शिकलात? परत येऊन आपला निकाल ठरलेला : ‘आवाज तो आता ही नहीं.’ एकदा तर म्हणालात, ‘साहब को लेके आना.’ उस्ताद, आमच्या साहेबांना घरातल्या मिक्सरचा आवाज ऐकू येत नाही. गाडी मी चालवते.

आता जरा ऐका. स्टिअरिंग ऐंशी ते शंभरच्या मध्येच थरथरत असेल, तर चाकाचं बॅलन्सिंग गेलेलं असतं. चौदा इंची रिमचं चाक ताशी 80 किलोमीटरला सेकंदाला साधारण 12 फेरे घेतं. रिमच्या आत चिखल वाळून बसला तरी तेवढ्यानं हात थरथरतात. फक्त ब्रेक मारल्यावर हादरे बसले तर डिस्क तपासायची. स्टिअरिंग पूर्ण तोडून वळताना कटकट झाली तर एक्सलचा जॉइंट. काँक्रीटवरून डांबरावर आल्यावर आवाज बदलला तर टायर. माझ्या गाडीचा आवाज यातल्या कशालाच दाद देत नाही. काँक्रीटवर तोच, डांबरावर तोच, चालत्या गाडीत न्यूट्रल केलं तरी तोच. फक्त वेगाबरोबर चढतो आणि उतरतो. म्हणजे बेअरिंग. आपण शेवटी बेअरिंगपाशी आलात तेव्हा मी पेढे वाटणार होते.

पण मी सांगितलं होतं, ‘डावीकडे वळताना वाढतो.’ आपण त्यातलं ‘डावी’ एवढंच ऐकलंत आणि पाना उचललात! अहो, गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर जातो. ओरडते ती बहुधा उजवी बेअरिंग. शंका होती तर चाक जॅकवर उचलायचं, एक हात सस्पेंशनच्या स्प्रिंगवर ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवायचं. गेलेली बेअरिंग बोटांना लागते. जॅक लावलेलाच होता, उस्ताद. हातही आपलेच होते.

आणि हे भिवंडीत व्हावं! आपल्या मागच्या शेडमधला जॉबर इतक्या सगळ्या यंत्रमागांच्या खडखडाटात उभा राहून कोणता साचा बिघडलाय ते कानानं ओळखतो. बेअरिंगच्या गोष्टीतही एक कापडाची गिरणी आहे. स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा अभियंता देखभालीला होता. जमीन चिकणमातीची. ती खचायची, शाफ्ट रेषेतून सरकायचे आणि बेअरिंगा भराभर जायच्या. नव्या घालत बसण्याऐवजी त्यानं त्या का जातात ते पाहिलं आणि 1907 साली शाफ्टच्या कलाबरोबर स्वतःला जुळवून घेणारी बेअरिंग काढली. त्याच वर्षी एसकेएफ कंपनी उभी राहिली. तिचा कारखाना आज आपल्या चिंचवडलाही आहे.

त्याची जमीन निदान आपोआप खचत होती. आमचा रस्ता माणसं खणतात. खणतात, खडी टाकतात, पेव्हर ब्लॉक बसवतात, आणि कंटेनरची पहिली रांग गेली की ते ब्लॉक सुळे काढून वर येतात. चाक खड्ड्यात आपटलं की आतल्या गोळ्यांचे ठसे कड्यावर उमटतात. पावसात हबपर्यंत पाणी चढलं की सील ओलांडून आत शिरतं आणि ग्रीस धुऊन नेतं. मेट्रो 5 च्या नकाशावर टेमघर स्थानक आहे, ती येईल तेव्हा येईल. तोवर बेअरिंगमागे बेअरिंग आम्ही भरायची, आणि रस्ता करणाऱ्याला त्याचं बिल कुणी पाठवायचं नाही! एकदा तरी त्या ठेकेदाराला माझ्या शेजारी बसवून इथून कल्याणपर्यंत न्यायचंय. परत न आणता.

तेव्हा सगळा राग आपल्यावर काढणं बरं नव्हे, हेही कळतं मला. आपल्याकडे लिफ्ट नाही. आपला पोऱ्या परवा भर पावसात गोणपाट अंथरून माझ्या गाडीखाली शिरला होता, अर्धा डबक्यात. त्याला कुणी कुठल्या प्रशिक्षणाला पाठवलेलं नाही. आपल्यालाही कुणी पाठवलं नसणार. आणि गिऱ्हाईक कसं? पार्टवर छापलेली किंमत मुकाट्यानं देतं, मजुरीच्या पन्नास रुपयांसाठी मात्र अर्धा तास वाद घालतं. मग आपण पार्टच विकणार. गाडी महामार्गावर नेऊन तासभर कान लावून बसलात, तर तो तास बिलात कुठे लिहायचा?

तर तो लिहा. येत्या रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना मी गाडी घेऊन येते. राजणोलीच्या पुढे जाऊ, साठाच्या वर. गाडी मी चालवीन, आपण फक्त ऐका. ऐकण्याची मजुरी जी सांगाल ती देईन, घासाघीस न करता. डाव्या बेअरिंगचे पैसे तेवढे त्यातून वळते करून घ्या.