जिथे तेल चालत नाही

छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढल्यामुळे तेल लावल्यावर काय काय हलतं, हे मी अगदी जवळून पाहिलं आहे. अडलेली फाइल हलते, झालेली बदली फिरते, हरवलेला शिक्का साहेबांच्याच ड्रॉवरात सापडतो. घरीही तेच. तान्ह्या बाळाची टाळू तेलाने भरायची, कुरकुरणाऱ्या दाराला तेल, शनिवारी मारुतीला तेल. या जगात तेल लागल्यावर रुसून बसणारीही एक वस्तू आहे, हे कळायला मला निवृत्तीनंतरची दुसरी दिवाळी उजाडावी लागली. ती वस्तू म्हणजे सायकलच्या इंजिनाचा क्लच.

सायकलला इंजिन कुठून आलं, ते आधी सांगतो. माझ्या भाच्याने इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आमच्या वडिलांच्या काळ्या, उंच सायकलला टू-स्ट्रोक इंजिन बसवलं. इंजिन चिनी, खोक्यातून सुटं सुटं आलेलं. खोक्यावर लिहिलेलं ८० सीसी. सिलिंडरचा व्यास मात्र ४७ मिलिमीटर आणि स्ट्रोक ३८. हिशेब केला तर ६६ सीसीच भरतात. उरलेले १४ घटीत गेले, असं आपलं सोनारासारखं समजायचं. आपल्या मोटार वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंत इंजिन असेल तर त्याला मोटार वाहन मानत नाहीत. ६६ला ती सवलत नाही. म्हणून आमचं हे वाहन आमच्याच शेतात, विहिरीपासून कांदाचाळीपर्यंतच्या तीनशे मीटरांत चालतं. भाचा पैकीच्या पैकी गुण घेऊन नोकरीला बंगळुरूला गेला आणि सायकल मामाच्या पदरात पडली.

सायकलला इंजिन जोडायचं खूळ काही त्याचं एकट्याचं नव्हे. युद्धाने बेचिराख झालेल्या जपानमध्ये १९४६ साली सोइचिरो होंडा यांनी लष्कराच्या वायरलेस संचांना वीज पुरवणारी छोटी इंजिनं मिळवली आणि सायकलींना लावली. चालवून पाहायला पत्नीला, साचीबाईंना, बसवलं. शोध नवऱ्याने लावायचा आणि धडपडायचा मान बायकोला द्यायचा, ही रीत तिकडेही असावी. आवाजावरून लोक त्या सायकलींना ‘बाताबाता’ म्हणू लागले. आपण मोटारसायकलला फटफटी म्हणालो. बारसं दोन्हीकडे कानानेच केलं.

आमच्या पिढीची गाठ पडली ती १९७२ साली आलेल्या फिरोदियांच्या लूनाशी. पायडल मारायचं, कान पिळायचा आणि निघायचं. हाताने दाबायचा क्लच तिला नव्हताच. आत काय जोडायचं, काय सोडायचं, ते थोरल्या सुनेसारखं ती परस्पर बघून घ्यायची. त्यामुळे क्लच या विषयात मी साठी उलटेपर्यंत कोरा राहिलो.

भाच्याच्या इंजिनाचा क्लच डाव्या मुठीत असतो. तो दाबला की इंजिन आणि मागचं चाक यांची फारकत होते. दाबून पायडल मारायचं आणि सायकलने वेग घेतला की सोडायचा. आधी चाक इंजिनाला फिरवतं, इंजिन दोनदा खोकतं आणि मग तेच चाकाला फिरवायला लागतं. जाताना भाचा बजावून गेला होता, “मामा, झाकणामागच्या गिअरला ग्रीस लावशील ते बोटाच्या पेरावर मावेल एवढंच. जास्त नको.”

आता ‘जास्त नको’ हे मराठी माणूस ताटावर हात आडवा धरून म्हणतो आणि आपण तरीही वाढतोच. नरक चतुर्दशीला स्वतःचं अभ्यंग उरकल्यावर मी इंजिनाचं झाकण उघडलं आणि पाव वाटी ग्रीस वाढलं.

भाऊबीजेला बहीण आणि मेव्हणे शेतावर आले. लेकाची करामत बघायची म्हणून दोघं बांधावर उभी राहिली. मी पायडल मारलं, क्लच सोडला. इंजिन कसंबसं सुरू झालं. मी कान पिळला. इंजिन असं गरजलं की चाळीतले कांदे दचकले असतील. सायकल मात्र जिथल्या तिथे. आणखी पिळला, गर्जना वाढली. सभेत माइक फोडणारा आणि मतदारसंघात न फिरकणारा पुढारी मांडीखाली घेतल्यासारखं वाटलं.

“आवाज छान आहे,” मेव्हणे म्हणाले.

पाहुणे गेल्यावर मी सायकल घरी आणली आणि ओट्यावर पाने, पेचकस मांडून बसलो. मराठी मध्यमवर्गात खोलण्यालाच दुरुस्ती म्हणतात. जोडणं हा पुढच्या पिढीचा प्रश्न. उजवीकडचं झाकण निघालं. आत फुलाच्या आकाराचं एक नट, त्याला फिरू न देणारा इवलासा स्क्रू, नटाखाली स्प्रिंग आणि त्यामागे गोल प्लेट. ती काढली तर मागे मोठा गिअर आणि त्याच्या भोकांत बसवलेल्या ब्रेकच्या लायनरसारख्या छोट्या गट्ट्या. पाकात मुरलेल्या गुलाबजामासारख्या त्या चकाकत होत्या. काय सुंदर मुरल्यात, असं मनात येतं न येतं तोच सायकल उजवीकडे कलली. शाफ्टच्या पोकळीतून एक लांब दांडा घरंगळत आला आणि त्याच्यामागून एक पोलादी छर्रा टुणकन उडी मारून दिसेनासा झाला.

डाव्या बाजूची वायर ओढली की हा छर्रा दांड्याला ढकलतो, दांडा प्लेटला ढकलतो आणि क्लच सुटतो. एवढी मोठी जबाबदारी आणि अंगकाठी वाटाण्याएवढी. तासभर मी ओटा चाचपला. शेवटी बायकोने पायरीवरची विझलेली पणती उचलली. छर्रा तिच्यात तेलात पहुडला होता.

“अहो, बघा,” ती म्हणाली, “त्यालाही कळलं तुमच्याकडे आल्यावर कुठे जायचं ते.”

मग बाजारपेठेतल्या फिटर चाचांना बोलावलं. त्यांनी झाकणात बोट फिरवलं, ते माझ्या डोळ्यांसमोर धरलं आणि विचारलं, “साहेब, हे कोणी केलं?”

“दिवाळी होती,” मी म्हणालो.

“हा कोरडा क्लच आहे. या गट्ट्या घासून धरतात, म्हणून चाक फिरतं. ग्रीस दाताला. इथं उडालं की पकड गेली. इंजिन ओरडणार, चाक ऐकणार नाही.”

पकड सुटायला नको म्हणून मी जे लावलं, त्यानेच ती सुटली होती. गट्ट्यांचं आता काय करायचं, यावर चाचा पेट्रोलचं नाव काढणार तोच बायको आतून धुण्याचा सोडा आणि गरम पाणी घेऊन आली. “तेलकटच आहे ना? तीस वर्षं अनारशाच्या कढया घासतेय,” म्हणाली. चाचांनी विरोध केला नाही. जाणकाराने जाणकाराला ओळखलं असावं. उन्हात वाळवल्यावर गट्ट्या पुन्हा काळ्या, मंद आणि खडबडीत झाल्या. चाचांनी काचेवर पॉलिश पेपर पसरून त्या हलक्या हाताने फिरवल्या, गिअरच्या दातांवर पेराएवढं ग्रीस ठेवलं आणि छर्रा पणतीतून काढून तसाच आत सोडला.

“याला तेल चालतं?” मी विचारलं.

“याला चालतं.”

कचेरीत मलाही हेच समजायला हवं होतं. कुणाला चालतं ते आम्हाला पाठ होतं. ज्यांना चालत नव्हतं, त्यांच्याच जोरावर चाक फिरत होतं, हे कधी ध्यानात आलं नाही. आमच्याकडे एक हेडक्लार्क होते, चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पिणारे. आम्ही त्यांना रुक्ष म्हणायचो. त्यांच्या टेबलावरचा कागद मात्र संध्याकाळी पुढच्या टेबलावर असायचा.

फुलाचं नट पुन्हा बसलं. मी उत्साहाने ते आणखी पिळायला गेलो, तर चाचांनी हात बाजूला केला. फार पिळलं तर क्लच सुटणारच नाही, मग थांबायचं कसं? पाव फेरा मागे घेऊन त्यांनी इवलासा स्क्रू आवळला, वायरची ढील बघितली आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी बांधावर क्लच सोडला, तेव्हा सायकलने असा हिसका दिला की माझी टोपी विहिरीजवळच राहिली. परत येऊन मी चाचांच्या दुकानात गेलो. म्हणालो, “चाचा, या पंचक्रोशीत तुमच्या हाताला तोड नाही. असं बोट मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. कारागीर म्हणावा तर...”

चाचा दुसऱ्या गाडीचा प्लग साफ करत होते. मान वर न करता म्हणाले, “दीडशे रुपये.”