लिनक्स सर

परभणी जिल्ह्यातल्या राणीसावरगावात कुणाचा संगणक बंद पडला की लोक सरांना बोलावतात, आणि सर येऊन गेले की संगणक बंद पडतो. यातलं आधी काय घडतं, यावर गावात दोन मतं आहेत.

सर कुठल्याही शाळेत नाहीत. एमएस-सीआयटीच्या क्लासवर शिकवायचे, तेव्हापासून ‘सर’ चिकटलं ते चिकटलंच. शर्टाच्या खिशात दोन पेनड्राइव्ह, एकात उबुंटू लिनक्स २२.०४, दुसऱ्यात २४.०४. गंगाखेडच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ते विचारतात, “तुमच्याकडं अजून विंडोजच हाय का?” सूर असा की पुढचा ओशाळून खिडकीबाहेर बघू लागतो.

मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला आणि सरांचा हंगाम सुरू झाला. अडगळीत गेलेले लॅपटॉप त्यांनी लिनक्सवर उठवून बसवले. जुनं यंत्र लिनक्सवर खरंच पळतं, परवान्याचा एक रुपया लागत नाही, मराठीही छान टंकता येतं. सर एवढ्यावर थांबले असते, तर नवरात्रात रेणुकादेवीच्या मंदिरात त्यांचा नारळ-शाल देऊन सत्कार झाला असता.

पण चालू यंत्र सरांना बघवत नाही.

फॉर्म भरायच्या दुकानातला प्रिंटर मुकाट छापत होता. सर म्हणाले, “चालतंय, पण जुनं व्हर्जन हाय.” दुकान २२.०४ वर. सरांनी तिथल्या सोर्सेसच्या यादीत २४.०४ ची एक ओळ घातली आणि प्रिंटरचं नवं पॅकेज मागवलं. ते एकटं कसं येईल? सर स्वतःच क्लासमध्ये सांगायचे, पॅकेज म्हणजे मानपानवाला जावई. तो म्हणतो, साडू आला तर येतो. साडू म्हणतो, सासरे हवेत. आणि सासरे म्हणजे लिबसी, ज्यांच्यावाचून घरातलं पान हलत नाही. २२.०४ ची लिबसी २.३५ ची, २४.०४ ची २.३९ ची. एका पंगतीला दोघं बसत नाहीत. नवी आली, जुनी उठली, आणि जुनीवर भिस्त ठेवून असलेली पॅकेजं रुसली. उबुंटू ज्यावर उभं आहे, त्या डेबियनची मंडळी अशा सरमिसळीला ‘फ्रँकनडेबियन’ म्हणतात आणि असं करू नका म्हणून बजावून ठेवतात. सरांनी ते वाचलेलं आहे. इतरांसाठी.

त्यात पीकविम्याची शेवटची तारीख. बाहेर रांग, आत सर. पॅकेजं बसवणाऱ्या ॲप्टचं उत्तर पडद्यावर इंग्रजीत उमटलं, ते सरांनी मोठ्यानं मराठी करून सांगितलं, “मोडकी पॅकेजेस तुम्ही धरून ठेवलेली आहेत.”

रांगेतले एक आजोबा म्हणाले, “कामून धरून ठेवलीत मग? सोडा की!”

“मी धरली न्हाईत हो, बाबा.”

“मग त्यो काय लबाड बोलायलाय का?”

आजोबांचा मुद्दा बिनतोड होता. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ विचारलं तर धरलेल्या पॅकेजांची यादी रिकामी निघते. सगळ्यांच्या अटी एकदम पाळणारी जुळणी ॲप्टला सापडली नाही, एवढाच त्या वाक्याचा बहुतेक वेळा अर्थ असतो. ते सरळ सांगायचं सोडून तो आळ मालकावर घेतो.

मग सरांची ठरलेली पायरी-पायरी. ‘डीपीकेजी कॉन्फिगर’, म्हणजे अर्धवट बसलेलं पुरतं बसव. मग ‘फिक्स ब्रोकन’. तेही हटलं नाही तेव्हा ॲप्टिट्यूड. हा सल्लागार मला फार आवडतो. तो एकेक तोडगा पुढं ठेवतो, आणि पुष्कळदा पहिलाच तोडगा असतो, मागितलेली वस्तू बसवूच नका. उभ्या लिनक्समध्ये याहून शहाणा सल्ला मी ऐकलेला नाही. सर मात्र चिडले. “ह्यो काय उपाय झाला?” म्हणत त्यांनी पुढचा तोडगा मागितला.

तो येईपर्यंत सरांची आवडती गोष्ट. २०२१ मध्ये लायनस सेबास्टियन हा कॅनडाचा यूट्यूबवाला पॉप ओएस या लिनक्सवर गेमांसाठीचं स्टीम बसवायला गेला. पॅकेजमधल्या एका दोषामुळं ॲप्ट सगळा डेस्कटॉपच काढायला निघाला. त्यानं तशी ताकीद दिली, आणि तरीही करायचंच असेल तर ‘येस, डू ॲज आय से!’ हे अख्खं वाक्य टंकायला लावलं. गड्यानं ते टंकलं. डेस्कटॉप गेला. “का गेला?” सरांनी रांगेला विचारलं आणि स्वतःच सांगितलं, “काय काय काढलं जाणार, ती यादी माणसं वाचतच न्हाईत!” असं म्हणता म्हणता त्यांनी वाय दाबला.

दुकानाचा डेस्कटॉपही गेला.

सरांना मात्र घाम फुटला नाही, आणि इथं त्यांना मानलं पाहिजे. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण परभणीकरच पचवू जाणे. दुसऱ्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून त्यांनी गिऱ्हाइकांच्या सगळ्या फायली आधी बाजूला काढल्या. मग परकी ओळ काढून यंत्र मागं नेता येईल का ते पाहिलं. लिबसी मागं नेणं कुणी शहाणा सुचवत नाही, म्हणून सरळ नवं उबुंटू टाकलं. तासाभरात प्रिंटर पुन्हा मुकाट छापू लागला. रांग हलली, विमा भरला गेला, आजोबांनी सरांना चहा पाजला. सरांनी दुकानदाराकडून पैसे घेतले नाहीत. ते कधीच घेत नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, “डिपेन्डन्सीचा प्रॉब्लेम होता. काढला.”

तुमच्या गावातही असे एक सर असतीलच. यंत्र मेलं तर त्यांनाच बोलवा, त्यांच्यासारखा माणूस नाही. तोवर त्यांना चहा ओट्यावरच द्या.