पान त्रेचाळीस

वाचनालयातून आणलेल्या कादंबरीला आठ दिवसांची मुदत. सहाशे बारा पानं भागिले आठ म्हणजे दिवसाला साडेशहात्तर, हा हिशोब मी सोमवारी पहाटे नळाला पाणी यायची वाट बघत तोंडी केला. निवृत्त होऊन चार महिने झालेत. बायकोची नोकरी अजून दोन वर्षं आहे. म्हणजे दिवसभर घरात मी आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आई. आई कधी काही मागत नाही. फक्त आठवण करून देते.

मी त्रेचाळिसाव्या पानावर होतो. नायक बोटीतून उतरत होता. एक पाय फळीवर, दुसरा धक्क्यावर टेकायच्या बेतात. तेवढ्यात आई म्हणाली, "मे संपत आला रे. आगोटीचं काय?"

ज्यांच्या घरात कोकण नाही त्यांच्यासाठी सांगतो. आगोट म्हणजे पावसाआधी घर भरून ठेवणं. मसाला, सुकी मासळी, कांद्याच्या माळा, कोकमं, पापड. आम्ही राहतो दादरला, चौथ्या मजल्यावर. खाली वाणी आहे आणि दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देणारी मोटारसायकलवरची पोरंही आहेत. पण आईच्या मते मृग लागला की होड्या वर ओढतात, तर बंद होते आणि मग दिवाळीपर्यंत माणसाने घरात जे आहे त्यावर भागवायचं असतं. तिच्या हिशेबात गोखले रोड तरीच्या पलीकडे आहे.

यादी कालनिर्णयवर होतीच. आमच्याकडे ते निघालं त्या सालापासून, म्हणजे १९७३ पासून, त्याच खिळ्यावर आहे. तिथी बघायला कोणी जात नाही. चौकटीत दुधाचे खाडे, इस्त्रीचे कपडे आणि सिलेंडर लावल्याची तारीख असते. मे महिन्यात मात्र आईने थरथरत्या अक्षरात सलग चार चौकटींवर एकच शब्द लिहिला होता: मिरची.

आधी सुकी मासळी. एक जूनला मासेमारी बंद होते, म्हणजे त्याआधीच्या आठवड्यात बाजारात आमच्यासारख्यांचीच गर्दी. मी सिटीलाइटच्या बाजारात सोड्यांसमोर उभा राहिलो. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी. तिचा भाव ऐकला की आपण सराफाच्या पेढीत चुकून चप्पल घालून आलोय असं वाटतं. आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने चष्मा पुसला, स्क्रीन डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, "वास दाखव."

"आई, वास कसा दाखवू?"

"मग फोन कशाला केलास?"

कोळणीने माझ्या हातातून फोन घेतला. दोघी पाच मिनिटं बोलल्या. माल, भाव, सुना, गुडघे. फोन परत आला तेव्हा व्यवहार झालेला होता, मी फक्त पैसे दिले. घरी येऊन बोंबील आणि सोडे डब्यात भरले, कांद्याची माळ पडद्याच्या दांडीला लटकवली आणि संध्याकाळी पुस्तक उघडलं. नायकाचा पाय अजून हवेतच.

संध्याकाळी वाचन जमत नाही, कारण आईची मालिका असते. त्या मालिकेतल्या सासूबाई भरजरी साडीत मटार सोलतात. एक वाटी मटार तीन भाग पुरला. मी शेजारी बसून खरोखरची भाजी निवडत होतो, ती पहिल्या जाहिरातीतच संपली. बायको ऑफिसातून आली, टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला पण घेतील तिथे. साडीचं काय ते बघू."

मसाल्याचं प्रमाण हा आमच्या घरातला गुप्त दस्तऐवज. लिहिलेला नाही हीच त्याची सुरक्षितता. मी कागद-पेन घेऊन बसलो. बेडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, पांडी तिखटाला, इथपर्यंत ठीक चाललं. मग धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, जायपत्री आली आणि मापं गेली. "डोळ्यांना कळतं" हे आईचं सगळ्यात नेमकं माप. तिच्या ट्रंकेत मुखपृष्ठ गळालेलं एक जुनं पाककृतींचं पुस्तक आहे, त्यात बघितलं तर शेर आणि तोळे. मी मोबाइलवर शोधून म्हटलं, "एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. जायपत्री एवढी घेऊ?" आई म्हणाली, "मसाला करायचाय की मंगळसूत्र?"

लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली 'गृहिणी-मित्र'मध्ये हजार पाककृती छापल्या. हजार! घर चालवून, मिक्सर नसताना. माझ्याने एक मसाला करता करता चव्वेचाळिसावं पान उलटेना.

गुरुवारी लालबागहून मिरच्या आणल्या आणि शुक्रवारी गच्चीत जुन्या चादरीवर पसरल्या. कबुतरं राखायला कोणीतरी हवं, म्हणून मी टाकीच्या सावलीत पुस्तक घेऊन बसलो. याहून चांगली संधी आठवड्यात येणार नव्हती. पण तापलेल्या मिरचीचा वारा काय असतो ते पाच मिनिटांत कळलं. नाक गळायला लागलं, डोळ्यांतून धारा. शेजारच्या काकू कपडे काढायला वर आल्या, त्यांनी मला पाहिलं, हातातलं पुस्तक पाहिलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, फारच दुःखी आहे का हो?" मी मान हलवली. "झाली की मला द्या. मला रडायला आवडतं."

शनिवारी सकाळी पुन्हा लालबाग. कुटायला घेतला तर मसाला डंक्यावरच, गिरणीवर नाही. गिरणीत तापतो आणि वास उडतो, हे मला लहानपणापासून शंभरदा ऐकवलेलं आहे. रांगेत माझ्यापुढे सतरा जणी. कोणी बदलापूरहून, कोणी विरारहून. यांतल्या बऱ्याच जणी इथल्याच चाळींत वाढलेल्या. १९८२च्या जानेवारीत गिरणीसंप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या, घरं लांब गेली. मसाल्याला मात्र लोकल पकडून इथेच यायचं. भाजायची कढई माणसाला आत झोपता येईल एवढी. धणे वेगळे, बडीशेप वेगळी, दगडफूल शेवटी, कारण ते लगेच करपतं. मग लोखंडी मुसळं एकामागून एक वर जातात आणि धाडकन खाली येतात. तोंडाला फडकं बांधलेला माणूस मधल्या अर्ध्या सेकंदात उखळात हात घालून मसाला हलवतो. मी प्रत्येक वेळी डोळे मिटत होतो, तो नाही. चाळून वर राहिलेली भरड पुन्हा उखळात गेली. साडेतीन किलो मसाला पिशवीत आला तेव्हा ताज्या भाकरीसारखा ऊन होता. आईची फोनवरून सूचना: "तोंड बांधू नकोस, वाफ धरेल."

आता इथे माझी चूक सांगायला हवी. बायकोने त्याच दुपारी शिवाजी मंदिरला नाटकाची तिकिटं काढली होती आणि मी ते विसरलो होतो. घरी जाऊन यायला वेळ नव्हता. बसमध्ये माझ्या शेजारची जागा परळपर्यंत रिकामी राहिली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

पिशवी खुर्चीखाली ठेवली, तोंड उघडं. पहिला अंक बरा गेला. मध्यंतरात इथला बटाटेवडा खाल्ल्याशिवाय नाटक पूर्ण पाहिलं असं आम्ही धरत नाही, तोही खाल्ला. दुसऱ्या अंकात वडील वारतात. रंगमंच निळा झाला, सगळीकडे शांतता, आणि एसीचा झोत आमच्या रांगेतून पुढे सरकला. पहिली शिंक पुढच्या रांगेतल्या आजोबांची. मग त्यांच्या पुढची. मग डावीकडून उजवीकडे, मेक्सिकन लाट येते तशी. लोकांना वाटलं हुंदके आहेत, त्यामुळे दोन-तीन बायका खरंच रडू लागल्या. बायको सांगते की वारलेल्या वडिलांच्या अंगावरची चादरही एकदा जोरात हलली. मी ते पाहिलं नाही. मी खुर्चीखाली पिशवीचं तोंड आवळत होतो.

रविवारी नव्या मसाल्याचं बांगड्याचं कालवण झालं. आईने पहिला घास घेतला. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत बसलो. "बरा आहे," ती म्हणाली. लग्नाला एकतीस वर्षं झाली, बायकोला अजून हा शब्द मिळालेला नाही; ती उठून आत गेली आणि भात जरा जोरात वाढला. हिंगाचे खडे घालून बरण्या भरल्या, झाकणांना फडकी बांधली, वरच्या फळीवर चढवल्या. रात्री अकराला पुस्तक घेतलं. खूण म्हणून कधीतरी मिरचीचं देठ घातलेलं होतं. ते बाजूला करून नायकाचा पाय एकदाचा धक्क्यावर टेकवला, आणि मला झोप लागली.

सोमवारी वाचनालयात गेलो. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली निघालं, शहरात प्लेग चालू असताना, आणि लोक तेव्हाही पुस्तकं वाचत होते. मला साधी आगोट आडवी आली. आमच्या छोट्या वाचनालयात असलं काही बोललो नाही. पुस्तक टेबलावर ठेवलं. टेबलामागच्या बाईंनी पानं दुमडलीत का ते बघायला ते मधोमध धरून फर्रकन चाळलं.

त्या तीनदा शिंकल्या. रुमालाने डोळे टिपले. पुस्तक नाकाजवळ नेऊन सावकाश वास घेतला.

"लालबाग?"

"हो."

"पांडी किती घातली?"

मी सांगितलं. त्यांनी मागे वळून बघितलं, कोणी नव्हतं. तारखेच्या चिठ्ठीची कोरी बाजू वर केली आणि पेन उघडलं. "सावकाश सांगा. धण्यांपासून."

दगडफुलाशी आलो तेव्हा माझ्यामागे चौघं उभे होते. पुस्तक त्यांनी आणखी आठ दिवसांसाठी माझ्याच नावावर लिहिलं.