सेन्सॉर काका

डोंबिवली फास्ट लोकलच्या दर डब्यात एक काका असतात. कुणी भजनाचे, कुणी शेअर बाजाराचे. आमचे कृष्णविवराचे. बँकेच्या ऑडिटमधून निवृत्त झाले, पण सकाळची गाडी काही सुटली नाही. चौथ्या सीटवर अर्धे टेकून ते आता विश्वाचं ऑडिट करतात.

त्यांचं लाडकं कृष्णविवर साधं नाही, विद्युतभारित आहे. त्याचं समीकरण रायस्नरने 1916 साली मांडलं आणि रेल्वेचा पारसिक बोगदाही 1916 सालीच सुरू झाला. ‘हा योगायोग वाटतो तुला?’ असं काका ज्या नजरेने विचारतात, त्यापुढे ‘हो’ म्हणायची कुणाची टाप नाही.

या कृष्णविवरातला भार वस्तुमानाने घातलेली मर्यादा ओलांडून गेला, तर घटनाक्षितिजाचा पडदा नाहीसा होऊन आतली सिंग्युलॅरिटी, म्हणजे जिथे गणित कोलमडतं ती जागा, उघडी पडेल. ‘नग्न’ हा शास्त्रीय शब्द काका गाडीत उच्चारत नाहीत, ‘वस्त्रावाचून’ म्हणतात. निसर्ग असला प्रकार होऊ देत नाही, असा ‘कॉस्मिक सेन्सॉरशिप’चा अंदाज पेनरोजने 1969 साली मांडला. त्या दिवसापासून या सेन्सॉर बोर्डाचे डोंबिवलीतले सभासद आपणच, अशी काकांची समजूत आहे. कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये असताना पंकज जोशींनी ताऱ्यांच्या कोसळण्याच्या गणितात वस्त्रावाचूनच्या सिंग्युलॅरिटी दाखवल्या, त्यावर काकांचा निकाल एका वाक्याचा : ‘कुलाब्याला चालत असेल!’

बार्डीन, कार्टर आणि हॉकिंग यांनी 1973 साली कृष्णविवरांना उष्मागतिकीसारखे चार नियम लावले. त्यातला तिसरा काकांना पाठ आहे. ऐन मर्यादेवर कृष्णविवराचं तापमान शून्य होतं, पण मोजक्या टप्प्यांत तिथवर पोचता येत नाही. पुण्याच्या आयुका संस्थेच्या नरेश दधिच यांनी के. नारायण यांच्यासह 1997 साली दाखवलं, की मर्यादा जवळ येते तशी कणांना आत शिरायची फट मिटत जाते. भार भाराला ढकलतो. जोर लावून घुसवावा, तर त्या जोराची ऊर्जाही वस्तुमानात जमा होते.

इथे काकांचं बोट दाराकडे वळतं. ‘डोंबिवलीला गाडी भरली म्हणता, मग ठाण्याला चढतात ते कोण? गाडी पूर्ण भरतच नसते. तिसरा नियम!’

एकदा एमएस्सीच्या एका पोराने घात केला. ‘काका, तो नियम पडला. क्रिस्टोफ केले आणि रायन अंगर यांनी 2022 साली गणिताने सिद्ध केलं. भारित पदार्थ नीट जुळवून कोसळवला, तर मर्यादित वेळात ऐन मर्यादेवरचं कृष्णविवर तयार होतं.’

काका ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत गप्प. मग चष्मा पुसत त्यांनी उलटतपासणी घेतली.

‘घटनाक्षितिज शाबूत आहे?’

‘आहे.’

‘वस्त्रावाचून काही दिसत नाही ना?’

‘नाही, काका.’

‘मग ती एसी लोकल आहे! ठासून भरते, पण बाहेर कुणी लटकत नाही.’

तेव्हापासून काका तिसरा नियम पूर्वीच्याच ठसक्यात सांगतात, फक्त शेवटी ‘साध्या गाड्यांपुरता’ असा शेरा मारतात.