गाव पाहावं लोकाचं

डिसेंबर लागला, पहाटे दुलई सोडवेना झाली, की आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या नोकरदार माणसाला खेड्याचा पुळका येतो. पुळका रविवारी सकाळी दहाला येतो आणि दिवेलागणीला ओसरतो. 'एखादं छानसं गाव बघून येऊ,' असं घरात ठरतं. पाच जणांच्या गाडीत सात जण बसतात, आठवा दारातून हात हलवतो आणि ऐनवेळी डिकीत पिशव्यांवर त्याचीही सोय होते.

छानसं गाव म्हणजे कसं, याबाबत सिडकोपासून उल्कानगरीपर्यंत कुणाचं दुमत नाही. रस्ता डांबरी हवा, पण गाव मातीचं हवं. घर माळवदाचं हवं, संडास मात्र कमोडचा. गाय हवी, शेण नको. भाकरी चुलीवरची हवी, पण धूर डोळ्यांत जाता कामा नये. माणसं साधीभोळी हवीत आणि त्यांच्याकडे ऑनलाइन पेमेंटचा कोड हवा. आणि सगळ्यात महत्त्वाची अट: गाव आपलं स्वतःचं नको.

कारण स्वतःचं गाव जवळपास प्रत्येकाला आहे. कुणाचं सिल्लोडकडे, कुणाचं वैजापूरला, कुणाचं पैठणपल्याड. फार तर तास-दीड तासाची वाट. पण तिथं गेलं की चुलतभाऊ बांधावर उभा असतो. वाटणीपत्र, फेरफार, बटईचे राहिलेले पैसे, सामायिक विहिरीवरच्या मोटारीचं बिल, हे सगळं चहाच्या कपाबरोबर पुढ्यात येतं. भावकीतला कुणीतरी पोराचा बायोडेटा काढतो, 'वाळूजच्या एखाद्या कंपनीत चिकटवा याला.' काकूंना मोतीबिंदूसाठी घाटी रुग्णालयात न्यायचं असतं, 'तुमची वळख असंल की.' त्यापेक्षा परक्याचं गाव बरं. पैसे फेकले की नातं संपतं.

गाडी निघाली की पहिली खोळंबण्याची जागा दौलताबाद. किल्ल्याच्या तटातल्या जुन्या दरवाजातून एका वेळी एकच मोठं वाहन जातं, आणि रविवारी दोन्हीकडून सगळ्यांनाच आधी जायचं असतं. इथं अडकलेल्या कुटुंबप्रमुखानं महंमद तुघलकाचं स्मरण करावं. १३२७ साली त्यानं दिल्लीची राजधानी उचलून इथं आणली. आमच्या भागातली पहिली सहकुटुंब रोड ट्रिप तीच. बेत साहेबांनी ठरवलेला, पाय प्रजेचे, आणि काही वर्षांनी साहेबांचाच हुकूम, चला परत. त्या मानानं आपण सुखी. आपली वरात संध्याकाळी घरी येते.

पुढं खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा लागतं. लागतं म्हणजे गाडीच्या काचेतून जातं. हातकागद करणाऱ्यांचं हे जुनं गाव. चिंध्या आणि रद्दीचा लगदा पाण्यात कालवायचा, चाळणीवर अलगद उचलायचा, थर निथळू द्यायचा, मग कागद वाळवायचा. शेकडो वर्षांची ही परंपरा मानली जाते. बघण्यासारखं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? पण तिथं झुला नाही, सेल्फी पॉइंट नाही आणि मिसळही नाही. सबब गाव 'छानसं' ठरत नाही आणि गाडी हॉर्न वाजवत म्हैसमाळ गाठते. म्हैसमाळला मराठवाड्याचं महाबळेश्वर म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. महाबळेश्वरकरांनी ही गोष्ट अजून मनावर घेतलेली नाही. धुकं पावसाळ्यात असतं. डिसेंबरात वाळलेलं गवत, दूरदर्शनचा मनोरा आणि मॅगी.

ज्यांना एवढाही वेळ नाही त्यांच्यासाठी समृद्धी महामार्ग आहे. सावंगीला किंवा माळीवाड्याला चढायचं. ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, ३९२ गावं, आणि ताशी १२०चा वेग. ग्रामीण महाराष्ट्र इतक्या झटपट बघण्याची सोय आजवर कुठल्याच सरकारनं केली नव्हती. बरं, वाटेत उतरून गावात शिरायचं म्हटलं तर कडेला कुंपण. बैलगाडीला, सायकलला, मोटारसायकलला बंदी. म्हणजे ज्याची जमीन रस्त्याखाली गेली, त्याच्या फटफटीला त्यावर चढता येत नाही. खेडं पाहावं तर असं. दिसतं, पण अंगाला लागत नाही.

पण खरा मोसम हुरड्याचा. राज्य सरकारनं २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आणि शेतकऱ्याला जोडधंदा मिळाला, याबद्दल कुणी कुरकुर करू नये. ज्वारीला भाव नसेल तर ज्वारी बघायला आलेल्या माणसाला भाव लावावा, यात गैर काही नाही. हुरडा पार्टीचा मामला माणशी पाचशेच्या घरात जातो. फाटकावर फ्लेक्स, 'अस्सल गावरान वातावरण'. आत बैलगाडी, तिला रबरी टायर. बैल दिवसभर एकाच लिंबाभोवती फिरतो आणि पगडी घातलेले बँक अधिकारी त्याच्यामागे बसून फोटो काढून घेतात. कोपऱ्यात साउंड बॉक्स. भजी, भरीत, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ आणि बाजरीची भाकरी. सगळं अनलिमिटेड, फक्त हुरडा बेतानं.

आजूबाजूला नजर टाकली तर मका आणि कपाशी. मधोमध ज्वारीचा हा एवढासा तुकडा, आणि तो केवळ पाहुण्यांसाठी पेरलेला. बाजारात नेण्याइतकी ज्वारी त्यात व्हायचीही नाही. आगटीपाशी एक म्हातारे बाबा बसलेले असतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, करपायच्या आत उलटायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकरीनं कोंडा उडवायचा आणि हिरवेगार दाणे कागदावर ओतायचे. तळहात कोळशासारखे काळे. पाहुण्यांचा व्हिडिओ बाबांवर नसतो, धुरावर असतो. 'बाबा, जरा मागं सरका, फ्रेममध्ये येताय,' असं एक ताई अगदी आदरानं सांगतात. बाबा सरकतात. त्यांना रोजंदारी बसण्याची आहे, दिसण्याची नाही.

आणि या अस्सल गावरान वातावरणाचा मालक? तो शहरात, सातारा परिसरातल्या फ्लॅटमध्ये राहतो. रविवारी सकाळी गाव उघडायला येतो आणि सायंकाळी गावाला कुलूप लावून आपल्याच मागोमाग घरी निघतो. ट्रॅफिकमध्ये तो आपल्या पुढं असतो.

जेवणानंतरचा प्रसंग मात्र कुठल्याच फ्लेक्सवर छापलेला नसतो. बोअर सुरू होतं, पाइपातून मनगटाएवढी धार पडते आणि शहरातून आलेल्या आया एकाएकी उठतात. पोरांचे कपडे उतरवतात, डोक्यावरून अंघोळी घालतात, जमल्यास दोन-चार कपडेही पिळून घेतात. बाबा गोंधळून बघतात.

"पाहुणे, तुमच्याकडं किती दिसाला येतंय पाणी?"

"कधी सहा, कधी आठ. लाइन फुटली तर देवाला ठाऊक."

"आन् जायकवाडी तर तुमच्याच उशाला!"

"पन्नासेक किलोमीटरवर."

"मंग घ्या की भरून. डबे हायेत का गाडीत?"

डबे असतात. जायकवाडीच्या नाथसागराचं पाणी शहरापर्यंत आणण्याच्या योजनांवर आपण वर्षानुवर्षं भाषणं ऐकतोय. इथं एक काळ्या हातांचा म्हातारा पाहुण्यांची दया येऊन पाइप पुढं करतो. निसर्गरम्य खेड्याला भेट देऊन मंडळी परततात तेव्हा डिकीत आठव्या माणसाच्या मांडीवर वीस लिटरचा जार असतो.

आता मुद्द्याचं. शहराच्या अगदी अंगाला पाटोदा नावाचं गाव आहे. भास्करराव पेरे पाटलांच्या सरपंचकीत ते राज्यभर गाजलं. कर भरणाऱ्याला गिरणीत दळण फुकट, अंघोळीला गरम पाणी, प्यायला शुद्ध पाणी, वाहतं गटार नाही. दूरदूरहून ग्रामपंचायतीचे सदस्य तिथं अभ्यास दौऱ्यावर येतात. आपल्या रविवारच्या गाड्या तिकडं वळत नाहीत. साहजिक आहे. तिथं पडकी भिंत नाही, बैलगाडीचं चाक टेकवून ठेवलेलं नाही, आणि ज्या गावाला आपल्यापेक्षा चांगलं पाणी मिळतं ते गाव बघायला पैसे देणं मनाला लागतं. छानसं गाव ते, जे बघून आपण शहरात आलो ते बरं झालं असं वाटावं.

तेव्हा हुरडा जरूर खा, बाबांना वेगळे पन्नास-शंभर हातावर ठेवा, पोरांच्या अंघोळी उरका. पण येताना एकदा गाडी स्वतःच्या गावाकडं वळवाच. चुलतभावाला चुकवायचं असेल तर चुकवा. त्या माळवदाच्या घराची, ज्याचे फोटो आपण स्टेटसला लावतो, घरपट्टी तेवढी भरून या. ग्रामपंचायत अधिकारी यादी घेऊन बसलेला आहे आणि यादीत शहरात राहणाऱ्यांची नावं सगळ्यात वर आहेत. मुदत ३१ मार्च.