रूट कॉज

काल सकाळी पावणेसातला बेल वाजली. दारात क्वालिटीकाका. डोक्याला कानटोपी, अंगात फुल स्वेटर, खाली हाफ पँट आणि हातात माझ्या मुलाची डाव्या पायाची चप्पल.

"लॉनवर सापडली. रूट कॉज काय?"

मुलगा विसरला, हे उत्तर त्यांना चालत नाही. का विसरला? अनवाणी खेळत होता. अनवाणी का? काका पाच वेळा 'का' विचारतात. टोयोटाच्या तैइची ओहनोंनी बिघाडाच्या मुळाशी जायला ही रीत रूढ केली. त्यांच्या डोळ्यांपुढे कारखाना होता, चपला नव्हत्या. पाचव्या 'का'ला मूळ कारण मी आहे असं सिद्ध झालं. मी चहा विचारला. तो पिऊन, साखर जास्त असल्याची नोंद करून काका गेले.

तुमच्याकडेही असतीलच. आमच्या पिंपरी-चिंचवडात तर दर सोसायटीला एक ठरलेला. रिटायर होताना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतात, आठवडाभर बायकोच्या स्वयंपाकघरात कारखान्यातली फाइव्ह-एसची टापटीप राबवून बघतात आणि तिथून हाकलले गेले की सोसायटीच्या कमिटीत शिरतात. मोशीतल्या, स्पाइन रोडलगतच्या आमच्या सोसायटीत काकांच्या वाट्याला लॉन आलं. दोन बॅडमिंटन कोर्टांएवढं मेक्सिकन गवत. त्यावर काकांचं राज्य, आणि राजदंड म्हणजे खिशातली सहा इंची स्टीलची पट्टी. सकाळी वाकून, एक डोळा मिटून, पाच ठिकाणी उंची मोजतात. एका कापणीत एक तृतीयांशाहून जास्त पातं छाटायचं नाही, हा नियम. तो बरोबरच आहे. जास्त छाटलं तर गवत दमतं. पण एकदा माळ्यानं पस्तीस मिलिमीटरचं गवत वीसवर आणलं, तेव्हा त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. माळीमामांना लिहिता येत नाही. शेवटी खुलासाही काकांनीच लिहिला, आणि अपुरा म्हणून नामंजूर केला.

गुरुवारी लॉनला सुट्टी. इथल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, तेव्हा रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी काकांचा रविवार गुरुवारीच येतो. त्या दिवशी पट्टी नाही, पाणी नाही, आणि मुलांना खेळायला परवानगी. गुरुवारी मुलं शाळेत असतात, हे कमिटीच्या निदर्शनास आणून दिलं. काका म्हणाले, "तो शाळेचा रूट कॉज."

मग त्यांच्या मुलानं इंग्लंडहून लॉनवरचं एक पुस्तक पाठवलं, तिथल्या शरद आणि हिवाळ्यातल्या निगेचं. काकांनी त्याची चेकलिस्ट केली. ऑक्टोबर : गळलेली पानं गोळा करणे. इथे ऑक्टोबर हीटनं माणसं गळाली होती, पण गेटजवळचा बदाम हिरवागार. त्याची पानं लाल होऊन पडायला थंडी सरत यावी लागते. काकांनी झाडाच्या नावासमोर 'काम प्रलंबित' लिहिलं. नोव्हेंबरात बोर्ड लागला : 'हिम पडलेल्या गवतावर चालू नये.' थंड मुलुखात ते खरंच आहे; गोठलेलं पातं पायाखाली मोडतं आणि ठसे काळे पडतात. पण मोशीत?

"1935च्या जानेवारीत पुण्याचा पारा 1.7 अंशांवर उतरला होता," काका म्हणाले. "बोर्ड असू दे."

मी हसलो खरा, पण थंडीचं खरं शास्त्र काकांना पुस्तकाशिवायच ठाऊक होतं. आपल्याकडची लॉनची गवतं उन्हाळी स्वभावाची. डिसेंबरात त्यांची वाढ मंदावते, रंग उतरतो. बाया म्हणाल्या, खत टाका. काका म्हणाले, "झोपलेल्याला जेवायला उठवू नका." युरिया बंद, कापणी लांबवली. पाणी सकाळीच, कारण रात्रभर ओलं राहिलेलं गवत बुरशीला आवतण देतं.

आणि तो पिवळा डाग. लॉनच्या मधोमध ताटाएवढा. तीन माळ्यांनी तीन औषधं मारून झाली. काका पाच 'का' घेऊन बसले. पिवळं का? पाणी मिळत नाही. का? मुळं खाली जात नाहीत. का? तिसऱ्या 'का'ला त्यांनी स्वतः कुदळ घेतली. चार इंचांवर सिमेंटचं अख्खं पोतं निघालं, दगड झालेलं. त्याखाली विटांचे तुकडे, टाइल्स आणि एक गमबूट. बिल्डरनं राडारोड्यावर चार बोटं लाल माती पसरून गालिचा अंथरला होता. काकांनी गमबूट धुतला आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये टेबलावर ठेवला. तो अजून ऑफिसात आहे. लेबल लावून.

लव्हाळ्याचा तर त्यांना भयंकर राग. वरचा तुरा उपटून भागत नाही, खाली गाठींची माळ असते. ते खुरपं घेऊन गाठीगाठीपर्यंत जातात. पण पंपहाऊसमागे एका कोपऱ्यात हरळी माजली होती आणि तिला हात लावायची माळ्याला बंदी. विचारलं तर म्हणाले, "गणपतीला दूर्वा लागतात." काका गणपती बसवत नाहीत.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि चाकणला नेलं. एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या कुंपणाशी थांबलो. आत सुंदर लॉन, कारंजं, बोर्ड. सुट्टीमुळे वॉचमनखेरीज कुणी नव्हतं.

"हे आमचं रान," काका म्हणाले. "कारंज्यापाशी विहीर होती. या दिवसांत कांद्याची लागण चालायची."

मग बराच वेळ वडिलांविषयी बोलले. वडील उन्हाळाभर कुदळीनं हरळी खणायचे. पोरांनी मागे मागे काशा वेचायच्या, बांधावर वाळवून पेटवायच्या. एक काशी राहिली तरी पाठीत धपाटा. पावसाळ्यात हरळी पुन्हा हजर.

बोलता बोलता ते खाली वाकले. मला वाटलं, पट्टी निघणार. कुंपणाच्या जाळीतून एक हिरवा धागा बाहेर आला होता, पेरापेराला मुळं फुटलेला. आतल्या महागड्या गवतातही तो जागोजागी घुसलेला दिसत होता.

"आमचीच आहे," काका म्हणाले. "बापाच्यानं संपली नाही, यांच्यानं काय संपतीय!"

त्यांनी दोन-तीन पेरं मुळांसकट सोडवली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि कानटोपीत ठेवली. परतीच्या वाटेवर, ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना, मागे वळून म्हणाले, "माळ्याला काही बोलू नका. रूट कॉज विचारत बसेल."